मधले पंचवीस किलोमीटर

बँकेतल्या नोकरीची सहा वर्षे मी बॅलार्ड इस्टेटच्या शाखेत काढली. शाखेच्या मागच्या खिडकीतून बंदराची भिंत दिसे आणि भिंतीपलीकडे क्रेनच्या माना. त्या भिंतीपलीकडच्या मालाची कागदपत्रे आमच्या टेबलावर येत : इन्व्हॉइस, विम्याची पॉलिसी, बिल ऑफ लेडिंग. माल मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. मिरची असो, चादरी असोत की यंत्रांचे सुटे भाग, आम्हाला सगळे कागदावरच दिसे. पण त्या कागदांनी मला दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली, माल बंदरात पोचला म्हणजे बोटीवर चढला असे होत नाही. 'माल ताब्यात मिळाला' एवढेच सांगणारे बिल ऑफ लेडिंग आम्ही परत पाठवत असू. आम्हाला 'क्लीन ऑन बोर्ड' हवे असे. म्हणजे माल प्रत्यक्ष बोटीवर चढला आहे आणि चढताना तो धड होता. दुसरी गोष्ट विम्यातली. सागरी विम्यात 'वेअरहाऊस टू वेअरहाऊस' नावाचे कलम असते, गोदामापासून गोदामापर्यंत. कारखान्यातून निघालेली पेटी ट्रकमध्ये असो, धक्क्यावर असो की बोटीच्या पोटात, विम्याचे छत्र तिच्याबरोबर चालत असते. नेहमीच्या वाटेवरचा एकही टप्पा हिशेबाबाहेर राहत नाही.

माणसांच्या प्रवासाला असे कलम नाही. विमानाचे तिकीट विमानतळावर संपते आणि बोटीचे बंदराच्या दारात सुरू होते. मधल्या तुकड्याचा वाली कोणी नसतो. विमान कंपनीची माणसे तुम्हाला हसून निरोप देतात, बोटीवरची हसून स्वागत करतात, आणि या दोन हसण्यांच्या मध्ये तुम्ही, तुमच्या बॅगा आणि तुमची पोरे रस्त्यावर असता. मुंबईत हा तुकडा साधारण २५ किलोमीटरांचा आहे. सहारच्या विमानतळापासून बॅलार्ड पिअरपर्यंत. गेल्या थंडीत तो मी दोन नातवंडांना घेऊन पार केला. त्याची ही हकीकत.

मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. नात सहा वर्षांची, नातू तीन वर्षांचा. आम्ही दोघे डोंबिवलीला. सहाही जणांनी मिळून मुंबईहून गोव्याकडे बोटीने जायचे, हा बेत माझ्या निवृत्तीपासून लांबत आला होता. हल्ली त्या बोटीला क्रूझ म्हणतात. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात गेलेल्या आमच्या पिढीच्या तोंडात मात्र बोट हाच शब्द येतो.

सून म्हणाली होती, "बाबा, आम्ही आदल्या दिवशी डोंबिवलीला येऊन राहतो. मुलांनाही बरं पडेल." त्यावर मी माझे सारे आयुष्य ज्यात गेले तो हिशेब मांडला. सकाळी सव्वाआठचे विमान, दहाला मुंबई. बोट सुटणार संध्याकाळी पाचला, बंदराचे दार बंद होणार साडेतीनला. हातात साडेपाच तास, रस्ता फार तर दीड तासाचा. आदल्या दिवसाची रजा फुकट कशाला घालवायची? मुलाने मान हलवली. सुनेने हलवली नाही, पण ती पुढे काही बोलली नाही.

त्या दिवशी बंगळुरूला धुके होते. दहाला उतरायचे विमान बारा वीसला उतरले. पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत एक वाजला. मंडळी बाहेर आली तेव्हा विमानात कसाबसा झोपलेला नातू जागा होऊन टाहो फोडत होता आणि नात भुकेली, तहानलेली होती. आजीने घरून कोकम सरबत आणले होते. ते तिने दोन पेले भरून घेतले. मुलगा म्हणाला, "निघण्याआधी मुलांना बाथरूमला नेऊन आणू का?" मी घड्याळ पाहिले. "बंदरावर सगळी सोय आहे," मी म्हणालो, "नवीन टर्मिनल झालंय. चला."

गाडी निघाली तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. चालक पन्नाशीचे, साताऱ्याकडचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "काका, फ्रीवेने घेऊ का? पी. डि'मेलो रोडला उतरलं की बंदर जवळच." त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण मला नातवंडांना सी-लिंक दाखवायचा होता, आणि २०२४-२५मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्गही. इतकी वर्षे लोकलला लोंबकळून फोर्टात गेलेल्या माणसाला या रस्त्यांचे अप्रूप असते, आणि ते दुसऱ्याला दाखवायची हौसही. "समुद्राकडून घ्या," मी म्हणालो.

कलानगरला गर्दी लागली. सी-लिंकवर चढलो तेव्हा दोन वाजून गेले होते. नातू सुनेच्या मांडीवर झोपला. मी पुढच्या सीटवरून मागे वळून वरळीचा किल्ला दाखवत होतो. तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, मला शू आलीय."

"पाच मिनिटं हं, बाळा."

सी-लिंकवर गाडी थांबवता येत नाही. तिथून थेट किनारा मार्गाला लागलो की तिथेही थांबता येत नाही. मात्र मध्ये बाहेर पडायला वाटा आहेत. चालकांनी आरशातून मागे पाहिले आणि हळूच विचारले, "काका, हाजी अलीला बाहेर काढू का? दहा मिनिटं जातील."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. "नको," मी म्हणालो, "सरळ घ्या. मरीन ड्राइव्ह आलंच." आणि मागे वळून नातीला म्हणालो, "एवढी मोठी झालीस ना तू? थोडं धरता येत नाही?"

त्यानंतर ती काहीच बोलली नाही. मला वाटले, समजूतदार आहे पोर.

किनारा मार्गावर मलबार हिलच्या पोटातून जाणारा दोन किलोमीटरांचा बोगदा आहे. प्रियदर्शिनी पार्कपाशी आत शिरतो तो गिरगाव चौपाटीपाशी बाहेर पडतो. त्या बोगद्यात तिला धरवले नाही. आवाज न करता ती रडत होती, ते आधी आजीच्या लक्षात आले. चालकांनी सीटखालून कोरडा टॉवेल काढून मागे दिला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले, "माझ्या गाडीने याहून जास्त पाहिलंय." ती मात्र टॉवेलखाली तोंड लपवून बसली. ओल्या कपड्यांपेक्षा परक्या माणसासमोर झाले याची तिला अधिक लाज वाटत होती. सहा वर्षांच्या माणसालाही अब्रू असते.

बंदराच्या ग्रीन गेटपाशी आम्ही पोचलो तेव्हा दोन पन्नास झाले होते. दार साडेतीनला बंद होणार होते. माझ्या खिशात चाळीस मिनिटे शिल्लक होती, आणि त्यातली दहा मी हाजी अलीला खर्च करायला नाकारली होती.

पुढचा धडा टर्मिनलच्या दारात मिळाला. बोटीच्या प्रवासात मोठ्या बॅगा दारातच घेतात. त्यांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लागते आणि त्या परस्पर बोटीवर जातात. खोलीत यायला कित्येक तास लागतात, कधी संध्याकाळ होते. आम्ही गाडीतून उतरून नातवाला सावरतोय तोवर हमालांनी चपळाईने बॅगा ढकलगाडीवर चढवल्या आणि गाडी दिसेनाशी झाली. नातीचे सगळे कपडे त्यात. सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत नातवाचे दोन जोड होते. नातीचा एकही नव्हता, कारण ती 'मोठी' झाली होती.

आजी तिला घेऊन बाथरूममध्ये गेली. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी काही न विचारता आपल्या पिशवीतून लेकीची लेगिंग काढून सुनेच्या हातात ठेवली. "असू द्या हो, बोटीवर द्या परत." ती लेगिंग चार बोटे लांब होती. खालून दुमडून नातीने घातली. तीन वीसला आम्ही सहाही जण बोटीवर होतो. बँकेच्या भाषेत ऑन बोर्ड. क्लीन मात्र नव्हे.

ज्या भिंतीकडे मी सहा वर्षे मागच्या खिडकीतून पाहिले, तिच्या पलीकडे त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकले. या धक्क्याला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उभारणीतल्या कर्नल बॅलार्ड यांचे नाव आहे. एके काळी इथे मधला तुकडा नव्हताच. बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानक धक्क्यालाच लागून होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल इथून सुटत असे. विलायतेहून टपालबोटीने आलेला साहेब बोटीतून उतरून गाडीत बसे आणि थेट पेशावरकडे निघे. टपालाच्या थैल्यांचीही तीच व्यवस्था. साहेबाला आणि टपालाला गोदामापासून गोदामापर्यंतचे कलम लागू होते म्हणायचे. तिथून थोडे उत्तरेला, भाऊच्या धक्क्यावर, कोकणची माणसे डोक्यावर ट्रंका आणि काखेत वळकट्या घेऊन उन्हात उभी असत.

पाचला बोट हलली. सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे उतरत होता. मंडळी कठड्याशी उभी होती. नात माझ्यापासून दोन हात लांब. दुपारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. बऱ्याच वेळाने समुद्राकडे पाहतच तिने विचारले, "आबा, तुम्ही लहान असताना बोटीला घाबरायचात?"

मग मी तिला पडावाची गोष्ट सांगितली.

१९६७ साली मी पाच वर्षांचा होतो. आजोळ मालवणला. मे महिन्यात आई मला आणि कडेवरच्या धाकट्या बहिणीला घेऊन बोटीने निघाली. मालवणच्या किनाऱ्याजवळ खडक फार, त्यामुळे बोट बाहेर समुद्रातच उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. पहाटेचा काळोख होता. बोटीच्या पोटातले दार उघडले होते, खाली पडाव. लाट आली की पडाव वर उचलला जाऊन आमच्या पायांशी येई, लाट ओसरली की खाली काळोखात जाई. आई बहिणीला घेऊन आधी उतरली होती. एका खलाशाने मला काखेत धरून दारात उभे केले. मी त्याचा सदरा घट्ट पकडला आणि सोडीना. मागून माणसे ओरडत होती, सोडा, सोडा लवकर. पडाव वर आला. खलाशाने मला खाली दिले नाही. मागे वळून तो म्हणाला, "रवा जरा. पोर भियाता. ही लाट जांव दे."

ती लाट गेली. पडाव पुन्हा खाली गेला. खलाशी माझ्या कानाशी वाकून काय बोलला ते आता आठवत नाही. पुढची लाट आली तेव्हा त्याने "आता!" म्हटले आणि मी कोणा अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन पडलो.

नातीने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "तो माणूस ओरडला नाही तुमच्यावर?"

"नाही."

"तुम्ही ओरडलात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. "चुकलं माझं," मी म्हणालो. तिने ते ऐकले की नाही कळले नाही, पण ती दोन हातांवरून एका हातावर आली.

त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, हे मी जाणतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या पडावात मुलांसाठी तरंगण्याचे साधन नव्हते. दोन मापे इकडेतिकडे झाली असती तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. आज बंदरावर वातानुकूलित दालन आहे, सरकते जिने आहेत, तपासणी आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण लाट सोडून देण्याचे काम कोणत्याही यंत्रणेकडे नाही. ते आपल्याकडेच आहे, आणि ते करायचे तर लाट सोडण्याइतका वेळ आधी गाठीशी हवा.

तेव्हा वाचकहो, आता थोडे हिशेबाचे बोलतो. माझ्यासारखे आजोबा-आजी हल्ली नातवंडांना घेऊन पुष्कळ फिरतात. त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ज्या दिवशी बोट त्याच दिवशी विमान, हे मुलांच्या बाबतीत करू नये. बोट थांबत नाही. तिच्यासाठी बंदराचा पायलट, ओढणाऱ्या टग, पुढच्या बंदरातली धक्क्यावरची जागा, सगळे ठरलेले असते. सुटण्याच्या तासभर, कधी दीड-दोन तास आधी प्रवाशांची यादी बंद होते. तिकिटावरची सुटण्याची वेळ आपल्या कामाची नाही, दार बंद होण्याची वेळ कामाची. तिथून उलटे मोजत यावे. एक रजा आणि एका रात्रीचा मुक्काम हा मोठा खर्च वाटतो. मलाही वाटला होता.

दुसरी, बोट जिथून सुटते ते गाव नकाशावर स्वतः पाहावे. परदेशी सहलींच्या पत्रकात 'रोमहून' असे छापलेले असते. बोट मात्र रोमपासून सुमारे ७० किलोमीटरांवरच्या चिविताव्हेकिया बंदरातून सुटते. 'लंडनहून' म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, हीथ्रो विमानतळापासून सुमारे १०० किलोमीटर. 'पॅरिस'चे बंदर ल हाव्र हे पॅरिसपासून २०० किलोमीटरांच्या आसपास. अमेरिकेत डिस्नेच्या नादाने ओरलँडोला उतरलात तर पोर्ट कॅनव्हरल तिथून ७० किलोमीटरांच्या वर आहे. तीन वर्षांच्या मुलाला नऊ-दहा तासांच्या विमानप्रवासानंतर हे अंतर काढायला लावणे म्हणजे काय, ते त्याच्या आईला विचारावे. मुंबईतही आता दोन विमानतळ आहेत. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. तिथून बॅलार्ड पिअरला यायची वाट अटल सेतूवरून आहे आणि सहारच्या वाटेपेक्षा अगदी वेगळी आहे. तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते वाचूनच गाडी सांगावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. त्या दिवशी आमचा नातू सबंध वाटभर आईच्या मांडीवर होता. आपल्याकडे हे इतके सवयीचे आहे की कोणाला खटकत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ ब कलम आले आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट न लावता गाडी चालवली, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अचानक धडकून थांबली तर मांडीवरचे मूल त्याच वेगाने पुढे जाते. तो वेग म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना येणारा वेग. आईचे हात कितीही मायेचे असले तरी तिसऱ्या मजल्यावरून पडणारे मूल त्यांना झेलता येत नाही. भाड्याच्या गाडीत अशी सीट सहसा नसते. ती आधी मागून, विचारून, नाहीतर बरोबर घेऊन यावी लागते. परदेशातल्या भाड्याच्या गाड्यांविषयीही आधीच विचारावे. फ्लोरिडाच्या कायद्यात तर टॅक्सीत मुलाच्या सीटची जबाबदारी चालकावर नसून पालकावर आहे.

चौथी, हातातली पिशवी. मोठी बॅग संध्याकाळपर्यंत भेटणार नाही असे धरूनच ती भरावी. प्रत्येक मुलाचा, 'मोठ्या' मुलाचासुद्धा, कपड्यांचा एक जोड. औषधे, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, एक टॉवेल, दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या. मुलांचीही ओळखपत्रे याच पिशवीत, कारण ती दारातच मागतात. ज्या मुलाला गाडी लागते त्याला उपाशीही नेऊ नये आणि पोट भरूनही नेऊ नये. त्याला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि चित्रांचे पुस्तक किंवा फोन हातात देऊ नये. औषध द्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. बोट लागण्यालाही हेच लागू. आपल्या भाषेने गाडी लागणे आणि बोट लागणे यांना एकच क्रियापद दिले आहे ते उगाच नव्हे.

पाचवी आणि शेवटची, मार्जिनची. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही विचारत असू, तुमचे मार्जिन मनी किती? शंभराचा माल असेल तर पंचाहत्तर बँकेचे, पंचवीस तुमचे. ते पंचवीस शोभेसाठी नसत. मालाची किंमत घसरली तर तो धक्का सोसायला असत. वेळेचे मार्जिनही तसेच. हाती चाळीस मिनिटे असताना ती शेवटपर्यंत जपून ठेवणारा माणूस काटकसरी नव्हे. तो त्या कंजूष खातेदारासारखा आहे, जो ठेव मोडायची नाही म्हणून आजारपणातही डॉक्टर टाळतो. मुलांबरोबरच्या प्रवासात वेळेचे मार्जिन मुलांच्या नावावर जमा असते. आपण फक्त ते सांभाळणारे. मुलाने मागितले की काढून द्यावे.

चौथ्या दिवशी सकाळी बोट परत बॅलार्ड पिअरला लागली. बंगळुरूचे विमान संध्याकाळचे होते, आणि या वेळी तिकीट तसेच काढायला सुनेने लावले होते. मुलाने मित्राकडून मुलांची सीट मागवून घेतली होती. ती बसवलेल्या गाडीतून सून, नातू, ही आणि साऱ्या बॅगा पुढे गेल्या. नातीला भुयारी मेट्रो पाहायची होती. आरेपासून कफ परेडपर्यंतची ही मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण धावू लागली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी चढावे आणि विमानतळाच्या टर्मिनल २ला उतरावे. मोठ्या बॅगा नसतील तर मुलांना घेऊन जायला ही वाट मला रस्त्यापेक्षा बरी वाटते. कलानगरची गर्दी नाही, आणि मुलाला गरज पडली तर पुढच्या स्थानकावर उतरता येते. मुलगा, नात आणि मी, तिघे निघालो.

जिने उतरून फलाटावर आलो. तिथे रुळांच्या कडेला काचेची भिंत आहे. गाडी आली की भिंतीतली आणि गाडीतली दारे एकदम उघडतात, थोडा वेळ उघडी राहतात आणि एकदम मिटतात. नातीने हे पहिल्यांदाच पाहिले. दारे उघडली. माणसे बाहेर आली, माणसे आत शिरली. ती जागची हलली नाही. माझ्या सदऱ्याचे टोक तिने मुठीत धरले होते. मुलगा दाराशी पोचून वळून पाहत होता.

"जाऊ दे ही," मी म्हणालो.

मुलाने घड्याळात पाहिले, पण काही बोलला नाही. मागे येऊन आमच्याशेजारी उभा राहिला. दारे मिटली, गाडी गेली. आम्ही तिघे रिकाम्या काचेसमोर उभे होतो.

काही मिनिटांत पुढची गाडी आली. दारे उघडली. नातीने माझा सदरा सोडून हात धरला, खाली फलाटाच्या कडेकडे एकदा पाहिले, आणि स्वतःच म्हणाली, "आता."